हांजी न चालणारी मजलिस: समरकंदच्या मदरशातून तारे मोजणारे मिर्झा उलुग बेग

शाबानची 29 तारीख आली की मगरिबनंतर आपल्याकडे लहानथोर सगळे गच्चीवर जमतात. कुणी मोबाईलवर चांद कमिटीच्या निरोपाची वाट बघतं, कुणी पश्चिमेकडे नजर लावून उभं राहतं. चांद दिसला की दुआ होते, मुबारकबाद होते आणि मग पुढच्या ईदपर्यंत त्या आभाळाकडे कोणी फारसं बघत नाही.

एखादी मुलगी मात्र खाली यायला तयार नसते. हा तारा कोणता, तो लाल का दिसतो, असं विचारत राहते. पुढे बारावी झाल्यावर फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचं म्हणते आणि घरात काळजी सुरू होते. नोकरी कुठं मिळणार, किती वर्षं शिकणार, लग्नाचं काय. एखादे नातेवाईक तर हे आपल्या लोकांचं कामच नाही, असंही सांगून जातात.

म्हणूनच आज मिर्झा उलुग बेग यांची गोष्ट सांगायची आहे. हे काम कधीकाळी आपल्या लोकांनी किती मन लावून केलं, हे त्यांच्या आयुष्यातून कळतं. या आयुष्यात यश आहे तसं अपयशही आहे आणि शेवट तर फार दुःखाचा आहे. पण गोष्ट अर्धी सांगून उपयोग नाही.

छावणीत जन्मलेला शहजादा

उलुग बेग यांचा जन्म 22 मार्च 1394 रोजी इराणमधल्या सुलतानिया इथं झाला. खरं नाव मिर्झा मुहम्मद तरगाय. उलुग बेग म्हणजे मोठा सरदार. लहानपणापासून याच नावानं त्यांना हाक मारली जायची आणि पुढे तेच नाव राहिलं. आजोबा म्हणजे तैमूर. वडील शाहरुख मिर्झा, आई गोहरशाद बेगम. मशहदची प्रसिद्ध मशीद आणि हेरातचा मदरसा उभारणाऱ्या त्याच या गोहरशाद बेगम.

तैमूरच्या घराण्यातल्या रिवाजाप्रमाणे बाळाचा सांभाळ आजीकडे, म्हणजे तैमूरच्या मोठ्या बेगम सराय मुल्क खानम यांच्याकडे गेला. आजोबांच्या मोहिमा कधी थांबत नसत, त्यामुळे या मुलाचं बालपण घरापेक्षा छावण्यांतच जास्त गेलं. लहानपणी याच प्रवासात त्यांनी मरागा इथल्या जुन्या वेधशाळेचे अवशेष पाहिले, असं सांगतात. ती वेधशाळा तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी उभारली होती. पडक्या भिंती बघून त्या मुलाच्या मनात काय आलं असेल ते अल्लाहलाच ठाऊक. पण मोठं झाल्यावर त्यांनी जे बांधलं, त्याचा नमुना तिथलाच होता.

1405 मध्ये चीनच्या मोहिमेवर निघालेला तैमूर वाटेत ओतरार इथं मरण पावला. तेव्हा उलुग बेग अकरा वर्षांचेही नव्हते. गादीसाठी भाऊबंदकी झाली. शेवटी शाहरुख यांनी हेरातला आपलं ठाणं केलं आणि 1409 मध्ये समरकंदचा कारभार पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. सुरुवातीला एक वडीलधारा अमीर देखरेखीला होता. दोनेक वर्षांत तोही गेला आणि समरकंद उलुग बेग यांच्याकडे आलं.

आजोबांनी तलवारीच्या जोरावर शहरं घेतली होती. नातवाचा जीव मात्र हिशोबात, भूमितीत आणि रात्रीच्या आभाळात गुंतलेला होता.

रेगिस्तान चौकातला मदरसा

1417 मध्ये त्यांनी दोन मदरशांचं काम हाती घेतलं, एक बुखाऱ्यात आणि एक समरकंदच्या रेगिस्तान चौकात. बुखाऱ्याच्या मदरशाच्या दारावर इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमान पुरुषावर आणि स्त्रीवर फर्ज असल्याचं कोरून ठेवलं आहे. समरकंदचा मदरसा 1420 पर्यंत पूर्ण झाला. आज फोटोंत रेगिस्तानच्या तीन भव्य इमारती दिसतात, त्यातली सर्वात जुनी हीच. बाकीच्या दोन सतराव्या शतकातल्या.

मदरसा म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र येतं. समरकंदचा मदरसा त्या काळातलं विद्यापीठच होता. तिथं कुरआन, हदीस आणि फिकह होतंच. त्याच छताखाली रियाजी म्हणजे गणित आणि हैअत म्हणजे खगोलशास्त्र हेही विषय रोजच्या सबकात होते. तारे कसे फिरतात, ग्रहण का लागतं, सावलीवरून वेळ कशी काढायची, हे सगळं शेकडो तालिब-ए-इल्म तिथं शिकत होते.

इमारत तयार होत असताना मुख्य मुदर्रिस कोण होणार, अशी चर्चा सुरू होती. त्याची एक कथा सांगितली जाते. विटांच्या ढिगाजवळ मळक्या कपड्यांत बसलेला एक माणूस पुढे आला आणि मी या जागेसाठी लायक आहे म्हणाला. त्यांचं नाव मौलाना मुहम्मद ख्वाफी. उलुग बेग यांनी त्यांना तिथंच प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून त्यांना हमामात पाठवलं, नवे कपडे दिले आणि जागा दिली. पहिल्या दिवशीच्या सबकाला नव्वद आलिम हजर होते. पण तो सबक इतका अवघड होता की, तो फक्त सुलतान आणि काजीजादा रूमी या दोघांनाच कळला म्हणे.

हे काजीजादा रूमी मूळचे बुर्सा शहरातले. इल्मसाठी घर सोडून ते इतक्या लांब आले आणि इथं उलुग बेग यांचे उस्ताद झाले. त्यांनी लिहिलेली चगमिनीच्या किताबावरची शरह आपल्याकडच्या दर्स-ए-निजामीतही अनेक पिढ्या शिकवली गेली. म्हणजे हिंदुस्तानातल्या जुन्या मौलवींनी आभाळाचं गणित शिकायला जी किताब हातात धरली, ती याच समरकंदच्या उस्तादांची.

काजीजादांचा एक किस्सा तर प्रत्येक शिक्षण संस्थेच्या ट्रस्टींनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकदा सुलताननं एका मुदर्रिसला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवसापासून काजीजादांनी शिकवायला येणं बंद केलं. आजारी असतील असं वाटून सुलतान स्वतः त्यांच्या घरी विचारपूस करायला गेले. तेव्हा काजीजादांनी सांगितलं की, तब्येत ठीक आहे, पण शिकवण्याच्या जागेवरून कुणाला असं काढता येत नाही अशी आपली समजूत होती. ती चुकीची निघाली, म्हणून आपण घरी बसलो. उलुग बेग यांनी त्या मुदर्रिसला परत घेतलं आणि पुन्हा असं करणार नाही असा शब्द दिला. ज्याच्या आजोबांचं नाव काढलं तरी शहरं थरथरायची, तो सुलतान एका मास्तरच्या घरी जाऊन आपली चूक कबूल करून आला.

मजलिसीचा कायदा

समरकंदच्या या मजलिसीत काय चालायचं हे आपल्याला एका मुलाच्या पत्रांतून कळतं. मुलाचं नाव जमशेद गियासुद्दीन अल-काशी, गाव इराणमधलं काशान. गरिबीत दिवस काढलेला, हकिमी शिकलेला, पण जीव गणितात अडकलेला. 1420 च्या सुमारास ते समरकंदला आले आणि तिथलं सगळं वडिलांना पत्रांतून कळवत राहिले. घरापासून दूर शिकायला गेलेली मुलं आजही वडिलांना फोनवर जसं सांगतात, अगदी तसंच. थोडी फुशारकी, थोडी इतरांची उणीदुणी आणि मध्येच मनापासून केलेलं कौतुक.

काशी लिहितात की, सुलतानला कुरआनचा मोठा भाग तोंडपाठ आहे आणि हाफिजांसमोर ते रोज तिलावत करतात. अरबी चांगली लिहितात, फिकह आणि मंतिक जाणतात. गणितात तर इतके पक्के की, एकदा घोड्यावर बसल्या बसल्या एका दिवशी सूर्य कुठं असेल याचा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केला, तोही कलांपर्यंत. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. घोड्यावरून उतरल्यावर त्यांनी तो काशींकडून तपासूनही घेतला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. या मजलिसीत उस्ताद आणि तालिब-ए-इल्म यांच्यात खुली बहस व्हायची. सुलतानची ताकीद होती की, मसला पूर्ण समजल्याशिवाय कुणी मान डोलवायची नाही. समोर सुलतान आहे म्हणून कुणी हो म्हटलं तर त्यांना राग यायचा. आपल्याला अडाणी ठरवता काय, असं ते विचारायचे. कधी कधी तर ते मुद्दाम चुकीची गोष्ट मांडायचे. कुणी अदबीपोटी ती मान्य केली की, तोच विषय परत काढून त्याची फजिती करायचे.

विज्ञान शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर या एका कायद्यात आहे. सूत्रं पाठ करता येतात, पण आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या हिशोबातली चूक दाखवण्याची हिंमत आणि ती अदबीनं दाखवण्याची रीत शिकावी लागते. त्यासाठी तशी मजलिस लागते. उलुग बेग यांनी ती उभी केली.

त्याचं फळही दिसलं. 1424 मध्ये काशींनी पायची किंमत दशांश चिन्हानंतर 16 घरांपर्यंत अचूक काढली. त्यापुढे जायला जगाला जवळपास पावणेदोनशे वर्षं लागली. 1 अंशाची ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साईन, काढण्याची नवी रीतही त्यांनी शोधली. आभाळातली कोणतीही मोजणी करायची तर हा आकडा अचूक लागतोच.

टेकडी कोरून केलेलं यंत्र

मदरशातलं गणित खरं की खोटं हे आभाळच सांगणार होतं. म्हणून 1420 च्या दशकात समरकंदबाहेर कुहक टेकडीच्या बाजूला वेधशाळा उभी राहिली. गोल इमारत, तीन मजले, सुमारे 46 मीटर व्यास. आतलं मुख्य यंत्र अजस्र.

दुर्बीण तेव्हा नव्हती. ती यायला आणखी 180 वर्षं होती. डोळ्यांनी मोजायचं तर अचूकपणा आणायचा कसा? उत्तर साधं होतं, यंत्र मोठं करा. शाळेतल्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. समरकंदच्या कमानीची त्रिज्या होती सुमारे 40 मीटर. त्यामुळे तिच्यावर एक अंश म्हणजे जवळपास 70 सेंटिमीटर आणि एक कला म्हणजे एका सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त. अंशाचा साठावा भाग असा बोटभर रुंद दिसायला लागला की चूक लपत नाही.

एवढी मोठी कमान जमिनीवर उभी केली तर हलेल, झुकेल. म्हणून तिचा खालचा भाग खडक कोरून जमिनीत उतरवला आणि वरचा इमारतीत चढवला. कमान बरोबर उत्तर-दक्षिण बसवलेली. दुपारी सूर्य माथ्यावर आला की वरच्या छिद्रातून आलेला उजेडाचा ठिपका कमानीवरच्या खुणांवर पडायचा. तो कुठं पडला हे रोज लिहून ठेवायचं. उन्हाळ्यात सर्वात वरचा सूर्य, हिवाळ्यात सर्वात खालचा सूर्य. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल.

हा कल त्यांनी 23 अंश 30 कला 17 विकला काढला. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. आजच्या गणितानं त्या काळातला कल काढून बघितला तर फरक साधारण अर्ध्या कलेचा येतो. ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं वर्ष त्यांनी 365 दिवस 6 तास 10 मिनिटं 8 सेकंद धरलं. आजच्या मोजणीपेक्षा ते सुमारे 58 सेकंदांनी जास्त आहे. पूर्ण वर्षाच्या हिशोबात एका मिनिटाचीही चूक नाही, तीही दुर्बिणीशिवाय आणि घड्याळांच्या त्या जमान्यात.

काम सोपं नव्हतं. काशी 1429 मध्ये वारले, काम अर्ध्यात असताना. मग जबाबदारी काजीजादांकडे आली. काही वर्षांत तेही गेले. शेवटी काम पूर्ण केलं ते तरुण अली कुशजी यांनी. त्यांचे वडील सुलतानच्या शिकारी पक्ष्यांचे रखवालदार होते. कुशजी या नावाचा अर्थच तो. बाजदाराचा मुलगा याच मदरशाच्या वातावरणात वाढला. एकदा न सांगता किरमानला निघून गेला, तिथं शिकला आणि परत आल्यावर सुलतानसमोर चंद्राच्या कलांवर लिहिलेली किताब ठेवली. न सांगता गेल्याबद्दलची माफी त्या किताबेनंच मिळवून दिली.

1018 तारे

या सगळ्या मेहनतीतून 1437 च्या सुमारास जी किताब तयार झाली ती जीज-ए-सुलतानी. जीज म्हणजे आभाळाच्या हिशोबाची कोष्टकं. कोणत्या दिवशी सूर्य, चंद्र, ग्रह कुठं असतील, ग्रहण कधी, निरनिराळ्या कालगणनांचा मेळ कसा घालायचा, किब्ल्याची दिशा कशी काढायची, हे सगळं अशा किताबांतून बघितलं जायचं.

तिच्यात 1018 ताऱ्यांची यादी आहे. त्याआधी जगात चालत होती ती टॉलेमीची यादी, तेराशे वर्षं जुनी. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांची तेजस्विता नव्यानं तपासली होती, पण जागा मात्र टॉलेमीच्याच आकड्यांवरून पुढे सरकवून घेतल्या होत्या. समरकंदच्या लोकांनी ठरवलं की, आपण पुन्हा मोजायचं. तेराशे वर्षांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर ताऱ्यांच्या जागा नव्यानं मोजण्याचं काम झालं ते इथंच. 27 तारे दक्षिणेला इतके खाली होते की समरकंदमधून दिसतच नव्हते. ते सूफींच्या किताबेतून घेतले आहेत, असं प्रस्तावनेत साफ लिहिलेलं आहे. जे आपण पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून. इल्ममधली अमानत ती हीच.

तख्त आणि घर

इथपर्यंतची गोष्ट अभिमानानं सांगता येते. पुढची सांगताना जड जातं.

राजा म्हणून उलुग बेग कच्चे होते. 1427 मध्ये उत्तरेकडच्या उझबेकांनी त्यांच्या फौजेचा दारुण पराभव केला. वडील हेरातहून धावून आले म्हणून राज्य टिकलं. त्यानंतर बरीच वर्षं ते स्वतः मोठ्या लढाईवर गेले नाहीत. व्यापारावरचा तमगा नावाचा कर त्यांनी चालू ठेवला. तो शरीयतला धरून नाही म्हणून अनेक उलेमा आणि सूफी बुजुर्ग नाराज होते. दरबारातल्या मेजवान्यांवरही टीका व्हायची.

1447 मध्ये शाहरुख वारले आणि सगळा डोलारा हलला. पुढच्या वर्षी हेरातसाठी झालेल्या लढाईत उलुग बेग यांचा मोठा मुलगा अब्दुल लतीफ बापाच्या बाजूनं शर्थीनं लढला. पण फतेहचं फर्मान निघालं ते धाकट्या अब्दुल अजीजच्या नावानं. हेरातच्या किल्ल्यात अब्दुल लतीफचा जो खजिना होता तोही त्याला मिळाला नाही. दोन मुलांत डावं-उजवं केलं की काय होतं, हे आपण आपल्या आजूबाजूच्या घरांतही बघतो. इथं तर हातात फौजा होत्या.

जुन्या इतिहासांत आणखी एक गोष्ट येते. जीजच्या शेवटच्या भागात ग्रहांवरून भविष्य सांगण्याची कोष्टकंही होती. त्या काळात बहुतेक दरबारांत ते चालायचं. मोठ्या मुलाकडून आपल्याला धोका आहे असं उलुग बेग यांनी पत्रिकेत पाहिलं आणि म्हणून त्यांचं मन त्याच्याबद्दल कायम खट्टू राहिलं, असं सांगतात. हे खरं असेल तर केवढी मोठी शोकांतिका आहे बघा. ज्या माणसानं आभाळातली प्रत्येक गोष्ट तपासल्याशिवाय मानली नाही, त्यानं घरातल्या मुलाबद्दलचा निवाडा न तपासता पत्रिकेवर सोडला. ग्रहांचं गणित अचूक निघालं, कारण ते मोजलेलं होतं. भविष्य खरं ठरलं ते कदाचित बापानं त्यावर विश्वास ठेवला म्हणूनच. गैबचं इल्म फक्त अल्लाहकडे आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. या घराला त्याची किंमत रक्तानं द्यावी लागली.

1449 च्या पावसाळ्यानंतर बाप-लेकाच्या फौजा समरकंदजवळ भिडल्या. उलुग बेग हरले. परत आले तर त्यांच्याच शहराचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते. शेवटी त्यांनी स्वतःला मुलाच्या हवाली केलं आणि हजला जाण्याची इजाजत मागितली. ती मिळालीही. पण पाठीमागे त्यांच्या खुनाचं शिजत होतं. एका माणसाला पुढे करून त्याच्या बापाच्या खुनाचा बदला म्हणून फतवा तयार केला गेला. त्यावर अनेकांनी सह्या केल्या. समरकंदचे काजी मिस्कीन यांनी मात्र सही करायला नकार दिला, अशी नोंद इतिहासात आहे. त्या दिवसांतही हांजी न म्हणणारा एक माणूस शहरात होता.

1449 च्या ऑक्टोबरात, रमजानच्या महिन्यात, हजच्या वाटेवर समरकंदपासून थोड्याच अंतरावरच्या एका गावात उलुग बेग यांचं शिर उडवण्यात आलं. वय 55. थोड्याच दिवसांत अब्दुल अजीजलाही मारलं. अब्दुल लतीफलाही सुख लाभलं नाही, सहा-सात महिन्यांत त्याच्याच लोकांनी त्याला संपवलं.

पुढे उलुग बेग यांचं शव तैमूरच्या मकबऱ्यात, गूर-ए-अमीरमध्ये आणून दफन केलं गेलं. 1941 मध्ये सोव्हिएत संशोधकांनी ती कबर उघडली, तेव्हा मानेच्या हाडावरचा वार स्पष्ट दिसला. अंगावर त्यांचेच कपडे होते, कफन नव्हतं. शहीदाला जसं दफन करतात तसं त्यांना दफन केलं होतं.

किताब वाचली

वेधशाळा हळूहळू ओस पडली. बाबर तरुणपणी समरकंदला आला तेव्हा ती तीन मजली इमारत उभी होती आणि आपल्या आठवणींत त्यानं तिच्याबद्दल लिहून ठेवलं. पुढे ती पडली, लोकांनी विटा नेल्या आणि जागाही विसरली गेली. 1908 मध्ये वासिली व्याटकिन यांनी एका जुन्या वक्फनाम्यातल्या वर्णनावरून ती शोधून काढली. खणल्यावर जमिनीतली ती कोरलेली कमान जशीच्या तशी सापडली. आजही लोक ती बघायला जातात.

किताब मात्र इमारतीआधीच बाहेर पडली होती. अली कुशजी समरकंद सोडून पुढे तबरीजला आणि तिथून सुलतान मुहम्मद फातेह यांच्या इस्तंबूलला गेले. आया सोफियाच्या मदरशात शिकवू लागले आणि 1474 मध्ये तिथंच वारले. खगोलशास्त्रानं अरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानावर अवलंबून राहण्याची गरज नाही, ते गणित आणि निरीक्षणावर उभं राहू शकतं, हे त्यांनी आपल्या लिखाणात मांडलं. पृथ्वी फिरत नाही हे केवळ निरीक्षणानं सिद्ध होत नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं. कोपर्निकसचा जन्म झाला त्याच सुमारास हे लिहून झालेलं होतं.

1665 मध्ये ऑक्सफर्डला थॉमस हाइड यांनी उलुग बेग यांची ताऱ्यांची यादी लॅटिन भाषांतरासह छापली. चंद्रावरच्या एका विवराला आज त्यांचं नाव आहे.

हिंदुस्तानातही ही किताब आली. इथं आपल्या दख्खनची एक आठवण सांगितली पाहिजे. उलुग बेग लहान होते तेव्हाच, 1407 च्या सुमारास, फिरोजशाह बहमनी यांनी दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला काढली होती. हे काम पाहणारे हकीम हसन गिलानी वारले आणि ती अर्धवटच राहिली. माणूस गेला की काम थांबलं. समरकंदला काशी गेले, काजीजादा गेले, तरी काम थांबलं नाही, कारण मागे मदरशातून तयार झालेली पोरं होती. दोन्हींतला फरक एवढाच.

पुढे विजापूरच्या आदिलशाही दरबारातून अकबराकडे गेलेले फतहुल्लाह शिराजी यांच्या देखरेखीखाली उलुग बेग यांच्या जीजच्या काही भागाचं संस्कृत भाषांतर झालं. त्या कामात हिंदू ज्योतिषी सोबत होते. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी दिल्ली, जयपूरला जंतरमंतर उभारले, तेव्हा यंत्र दगडाचं आणि मोठं करायचं हा समरकंदचाच विचार पुढे नेला. त्यांच्या जीज-ए-मुहम्मदशाहीतली ताऱ्यांची यादी म्हणजे उलुग बेग यांचीच यादी, तीन शतकांत तारे जेवढे सरकलेले दिसतात तेवढे, म्हणजे 4 अंश 8 कला, पुढे सरकवून घेतलेली.

म्हणून पुढच्या वेळी चांद बघायला गच्चीवर जमाल तेव्हा लगेच खाली उतरू नका. पश्चिमेचा उजेड ओसरू द्या आणि पोरांना दोन-चार तारे ओळखायला लावा. अल-दबरान, रिगेल, फोमलहॉट ही नावं आजही जगभरच्या खगोलशास्त्रात अरबीतूनच आलेली चालतात. आणि घरातली एखादी मुलगी फिजिक्स शिकायचं म्हणाली तर नोकरीचं जरूर विचारा, काळजी रास्त आहे. पण हे आपलं काम नाही असं मात्र सांगू नका. तिनं उलट प्रश्न विचारला, आपली चूक दाखवली तर रागावू नका. मिर्झा उलुग बेग यांच्या मजलिसीत अशाच पोरांना पुढे बसवत होते.